‘मला आठवत नाही’ एवढं त्याला म्हणू द्या: सीमाभागातल्या एका पोराचं प्रकरण

हे लिहायला पोराची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे. नावं कुणाचीच देत नाही, काही बारीकसारीक तपशील बदललेत. गाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रोडच्या पट्ट्यात कुठंतरी, जिथं अर्ध्या घरांची सोयरीक चंदगड तालुक्यात असते आणि सीमा फक्त एसटीचा रंग बदलला की कळते, एवढं पुरे. मी बेळगावात पीयू कॉलेजच्या (म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) पोरापोरींसोबत समुपदेशनाचं काम करते.

पोरगा 17 वर्षांचा, सेकंड पीयू कॉमर्स. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी मीडियम, मग एकदम इंग्लिशमधून अकाउंटन्सी, त्यामुळं फर्स्ट पीयूला दोघंही गडबडलेले, दोघं म्हणजे हा आणि त्याचा मित्र, पहिलीपासून एकाच बाकावरचे. मित्र वर्षानं मोठा, नुकताच 18 पूर्ण झालेला, एलएलआर (शिकाऊ लायसन) काढलेलं पण पक्कं लायसन यायचं होतं. दोघंही गावच्या कबड्डी टीममध्ये. डिसेंबरात चंदगडकडच्या एका गावात नाइट स्पर्धा होती, फायनल संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली, बाकीची टीम टेम्पोनं आली आणि हे दोघं मित्राच्या काकाच्या बाइकवर. कारखान्याचा सीझन ऐन भरात होता. उसानं भरलेली डबल ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी होती, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, त्यात धुकं. या भागात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. मित्र जागच्या जागी गेला.

अपघात सीमेच्या पलीकडं, महाराष्ट्रात झाला. त्यामुळं मित्राचं पोस्टमार्टम तिकडच्या सरकारी दवाखान्यात आणि याला मात्र बेळगावला आणलं, कारण डोक्याला मार होता आणि आमच्या भागात मोठं काही झालं की सगळे बेळगावच गाठतात. डोक्यात थोडा रक्तस्राव (ऑपरेशन लागलं नाही), उजव्या मांडीचं हाड मोडलेलं म्हणून आत रॉड, आणि गळ्याजवळचं हाड. शरीराचं म्हणाल तर डॉक्टरांनी छान केलं, त्यावर मी फार लिहीत नाही, वॉकर, मग काठी, मग काठी सुटली.

आता पहिली गोष्ट जी बिघडली. शुद्धीवर आल्यापासून तो विचारत होता, ‘तो कुठं हाय?’ आणि घरचे सांगत होते, दुसऱ्या वॉर्डात आहे, बरा आहे, तू आधी बरा हो. हे सगळे प्रेमानंच करतात, आणि डॉक्टरनं ‘सध्या टेन्शन देऊ नका’ म्हटलेलं असतं त्याचा अर्थ घरचे ‘काहीच सांगू नका’ असा लावतात. आईनं त्याचा फोन लपवून ठेवला. आठवडाभरानं बघायला आलेल्या चुलत भावाचा फोन त्यानं मॅच बघायला घेतला आणि स्टेटसवर मित्राचा फोटो, हार घातलेला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. असं कळलं त्याला. तोपर्यंत अग्नी देऊन झालेला, तिसरा दिवस झालेला, बाराव्याची तयारी चाललेली, आणि हा बेडवर पाय अडकवून.

नंतर तो मला म्हणाला, ‘तो गेला हे कळलं मॅडम, पण आई आठवडाभर माझ्या तोंडावर खोटं बोलली, आता ती पाय बरा होईल म्हटली तरी मला वाटतंय हे पण तसंच.’ आईला हे अजून ठाऊक नव्हतं, मी त्याच्याच तोंडून तिला सांगायला लावलं, रडारड झाली, पण ते मोकळं झालं. माझं मत यात पक्कं आहे. पेशंट नीट शुद्धीवर आहे, स्वतःहून विचारतोय, तर डॉक्टरला सांगून, जवळच्या माणसानं, शेजारी बसून, सरळ एका वाक्यात सांगायचं, ‘तो त्याच रात्री वारला’. मग गप्प बसायचं आणि तो जे विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. त्याला त्रास होणारच, तो कधी सांगितलं तरी होणार आहे. शक्य असेल तर कार्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल का होईना, त्याला काहीतरी वाटा मिळू द्यावा. इथं तसं झालं नाही.

माझ्याकडं तो फेब्रुवारीत आला, क्लास टीचरनं पाठवला म्हणून. वडील सोबत, दारातच उभे, आत यायला तयार नाहीत. त्यांची भीती वेगळीच, ‘मॅडम, धारवाडला न्यावं लागंल काय?’ आमच्या भागात धारवाड म्हटलं की युनिव्हर्सिटी नाही आठवत लोकांना, जुनं मेंटल हॉस्पिटल आठवतं, ‘याला धारवाडला पाठवा’ ही थट्टा आपण सगळ्यांनी शाळेत केलेली आहे. तिथं आज मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे, ओपीडीतून औषध घेऊन लोक संध्याकाळी घरी येतात, हे सांगून बघितलं, पण पटायला वेळ लागतो. शेवटी बेळगावातल्याच मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवलं.

तेव्हाची अवस्था अशी: रात्री दोन-तीन तास झोप, दचकून उठणं, ट्रॅक्टरचा आवाज आला की घाम, जेवण कमी, मित्रांचे फोन घेत नाही, पुस्तक उघडलं की पान तसंच. गावातल्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या सुरू करून दिलेल्या आणि त्या महिना उलटला तरी चालूच. अशा घटनेनंतर पहिल्या महिन्यात मनाच्या त्रासावर किंवा झोपेसाठी या, म्हणजे बेंझोडायझेपिन जातीच्या, गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय, तरी आपल्याकडं पहिलं तेच लिहून देतात. मानसोपचार तज्ज्ञांनी त्या हळूहळू कमी करत बंद केल्या, एकदम तोडल्या नाहीत, हे महत्त्वाचं, घरच्यांनी आपल्या मनानं असलं काही बंद करू नये. पीटीएसडी (भयंकर घटनेनंतर मनावर टिकून राहणारा आघाताचा आजार) हे निदानही त्यांनीच केलं. पहिल्या महिन्यात तो शिक्का कुणी मारत नाही कारण बऱ्याच जणांची ही लक्षणं आपोआप उतरतात, याची उतरली नव्हती.

आजीचं म्हणणं होतं बाहेरचं लागलंय, मित्र याला सोडत नाही. अमावास्येला उतारा टाकला, अंगारा लावला. मी त्याला विरोध केला नाही. एकच अट घातली, की ‘तो तुला बोलवतोय’ असं पोराच्या कानावर जाईल असं कुणी बोलायचं नाही. कारण तेच पोराच्या डोक्यात आधीच चाललं होतं. ‘मी गेलो असतो तर बरं झालं असतं’ हे त्यानं पहिल्याच भेटीत म्हटलं. यावर बरेच लोक ‘असं बोलू नये रे’ म्हणून विषय बदलतात. मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंयस का. विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट बहुतेक पोरं सुटल्यासारखी बोलतात. विचार येत होते, ठरवलेलं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी वडिलांना सांगून शेतातली फवारणीची औषधं, तणनाशक सगळं कुलपात आणि किल्ली चुलत्याच्या घरी. शेतकऱ्याच्या घरात ही पहिली गोष्ट करायची असते, बाकी सगळं नंतर. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फोनमध्ये सेव्ह करून दिला, फुकट आहे, भाषा निवडता येते. त्यानं एकदा लावला असं नंतर कळलं, काय बोलला ते मी विचारलं नाही.

रिकामी जागा

या प्रकरणाचा खरा गुंता मला इथं दिसतो. पोराला अपघात आठवत नाही. फायनलमधली शेवटची रेड आठवते, टीमसोबत खाल्लेली मिसळ आठवते, मग थेट हॉस्पिटलचं छत. डोक्याला मार लागला की असं होतं, त्या वेळचं मेंदू साठवूनच ठेवत नाही, त्यामुळं नंतर कितीही ताण दिला तरी जे साठवलंच नाही ते परत येत नाही. आधीच्या काही तासांचं कधी कधी थोडं थोडं येतं, प्रत्यक्ष धडकेचं बहुधा नाहीच.

हे न्यूरो डॉक्टरनं घरच्यांना सांगितलेलं. पण गावाला कोण सांगणार? जो भेटायला येतो तो विचारतो, नेमकं काय झालं गा? आणि हा ‘आठवंना’ म्हटला की समोरचा आपलंच सांगायला लागतो. कुणी म्हणतं स्पीड 90 चा होता, कुणी म्हणतं प्यायलेले होते (नव्हते, रक्त तपासलं होतं), कुणी म्हणतं तुला खड्ड्यातून काढला तेव्हा तू त्याचं नाव घेत होतास. महिन्याभरात त्याच्या डोक्यात अपघाताची एक अख्खी फिल्म तयार झाली, तो मला ती सांगायचा, ट्रॉलीचा मागचा फळका, उसाचे वाढे, मित्राचं ओरडणं. मी विचारलं, यातलं तुला दिसतंय किती आणि कुणी सांगितलंय किती? बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘सगळं सांगितलेलंच असंल मॅडम. पण रात्री दिसतंय की.’

त्यात सगळ्यात वाईट अफवा म्हणजे गाडी हाच चालवत होता. का, तर टीममध्ये गाडी चांगली चालवणारा म्हणून हा ओळखला जायचा, आणि जो वाचला तोच दोषी असं लोकांना उगीच वाटत राहतं. ही गोष्ट मित्राच्या घरापर्यंत गेली. मित्राच्या वडिलांनी पोलिसात काही म्हटलं नाही पण याच्या घराशी बोलणं तोडलं, आणि दोन्ही घरं एकाच आळीत. आणि हा, ज्याला काहीच आठवत नाही, तो हळूहळू मानायला लागला की मीच चालवत असणार. कबुली द्यायला जातो म्हणून एकदा काठी टेकत निघालाही होता, आईनं अडवला.

याचा निकाल लागला तो फाट्यावरच्या एका दुकानाच्या सीसीटीव्हीनं, तिकडच्या पोलिसांनी ते फुटेज आधीच घेतलेलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. धडकेच्या काही मिनिटं आधीचं. गाडी मित्र चालवतोय हे स्पष्ट. सगळ्यांना वाटलं चला, सुटला पोरगा. पण त्याच फुटेजमध्ये दिसत होतं की मागं बसलेल्या याच्या डोक्यावर हेल्मेट आहे आणि पुढच्याच्या नाही.

हेल्मेट याचंच होतं, वडिलांनी घेऊन दिलेलं. पण त्यानंतरचे तीन आठवडे आधीच्या दोन महिन्यांपेक्षा जड गेले. आधीचा दोष निदान अफवेवर उभा होता, हा डोळ्यांनी बघितलेला. ‘मी त्याला दिलं असतं तर.’ यावर ‘तुझा काही दोष नाही’ असं कितीही म्हटलं तरी ते ऐकूच जात नाही, ते समजावणाऱ्याच्या समाधानासाठी असतं असं मला स्पष्ट वाटतं.

मी कागदावर एक भाकरी काढली. गोल. म्हटलं, त्या रात्री जे झालं त्याला कोणकोणत्या गोष्टी कारण, सगळ्या लिही, आणि प्रत्येकीला भाकरीचा तुकडा दे, तुझा तुकडा सगळ्यात शेवटी. ही जुनी आणि साधी पद्धत आहे, पण शेवटी लिहायचं हे त्यातलं मर्म आहे, कारण पोरं स्वतःचा तुकडा आधी काढतात आणि मग दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. त्यानं लिहिलं, ट्रॉलीवाला लाइट न लावता थांबला. रिफ्लेक्टर नव्हते. धुकं. स्पर्धा रात्री दहाला संपायची ती एकला संपली. टेम्पोत जागा होती तरी दोघांनी बाइक घेतली. त्याला पक्कं लायसन नव्हतं. काकानं गाडी दिली. स्पीड, माहीत नाही. हेल्मेट एकच होतं. शेवटी त्याच्यासाठी जो तुकडा उरला तो होता, पण पातळ. शून्य नव्हता आणि मी तो शून्य करायचा प्रयत्नही केला नाही. एवढ्या तुकड्याचं दुःख माणूस सांभाळू शकतो. तो कागद त्यानं घडी करून अकाउंट्सच्या वहीत ठेवला.

वकील आणि साक्ष

मोबदल्याची केस हा या गोष्टीतला वेगळाच त्रास. मोटार वाहन कायद्याच्या 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत सहा महिन्यांत अर्ज करायची अट आहे, म्हणून दुःखातही लोकांना पळावं लागतं. अपघात महाराष्ट्रात झाला तरी अर्जदार राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये केस टाकता येते, म्हणून दोन्ही घरांच्या केसेस बेळगावात. कागद सगळे तिकडच्या पोलीस ठाण्याचे मराठीत, त्याचं भाषांतर करून घेण्यात वेळ गेला.

वकिलानं आधी सुचवलं की पोराच्या अर्जात ट्रॅक्टरवाल्यासोबत बाइकच्या मालकालाही, म्हणजे मित्राच्या काकाला, पार्टी करू, दोन विमे, दोन दारं. म्हणजे मेलेल्या मित्रानं बेजबाबदारपणे गाडी चालवली असं या पोरानं सहीनिशी म्हणायचं. पोरगा म्हणाला, मग मला मोबदलाच नको. घरी भांडण, हॉस्पिटलचं कर्ज डोक्यावर. तोड अशी निघाली की चूक दोघांची असली तरी मागं बसलेल्या माणसाला त्यातल्या कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये हे स्पष्ट केलंय. वकिलाला हे माहीतच होतं, कुणी विचारलं नव्हतं. अर्ज फक्त ट्रॅक्टरचा मालक आणि त्याच्या विमा कंपनीवर टाकला.

पण मग दुसरं. मित्राच्या केसमध्ये विमा कंपनी म्हणणार की उभ्या ट्रॉलीला मागून धडक, लायसन नाही, हेल्मेट नाही, चूक बाइकवाल्याची. त्याला तोडायला कुणीतरी डोळ्यांनी बघणारा पाहिजे, आणि तो एकच. मित्राच्या मामानं येऊन हात जोडले, ‘ट्रॉलीला लाइट नव्हता हे तू बघितलंस एवढंच सांग, खोटं तर नाही की ते.’ खरंच, खोटं नव्हतं, पंचनाम्यात होतंच. आणि हा हो म्हणणार होता, कारण त्याला वाटत होतं की मित्राच्या घरासाठी करता येण्यासारखं एवढं तरी आहे.

मी यात पडले. साक्ष काय द्यायची हे ठरवणं माझं काम नाही, पण न बघितलेलं बघितलं म्हणून शपथेवर सांगायचं आणि मग उलटतपासणीत चार तास तेच घोकायचं, म्हणजे दोन महिने जी फिल्म आम्ही मोठ्या मुश्किलीनं पुसत आणली ती कोर्टात बसून परत रंगवायची. शिवाय न्यूरोचा रिपोर्ट समोर असताना ती साक्ष टिकणारही नाही, हे वकिलानंच मामाला सांगितलं. लाइट नसल्याचा पुरावा पंचनाम्यातून आणि फोटोंतून येऊ शकतो. पोरानं मामाला स्वतः फोन करून सांगितलं, ‘मला आठवत नाही, मी तेवढंच सांगणार.’ या एका वाक्यानंतर त्याची झोप सुधारली, हे मी माझ्या नोंदीत त्या आठवड्यात लिहिलेलं आहे. त्याच्या आधी कुणी त्याला ती जागा रिकामी ठेवूच देत नव्हतं.

ट्रॅक्टरची भीती काढायचं काम त्यामानानं सरळ होतं पण लांबलं. शहरातल्या पोराला सांगता येतं की काही दिवस तो रस्ता टाळ. याच्या घरचाच दीड एकर ऊस, तोडणीची टोळी दारात, कारखान्याच्या बाजूनं वारा आला की मळीचा वास खिडकीतून आत. टाळायला जागाच नाही. मग एक यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. दुपारी रिकाम्या उभ्या ट्रॉलीकडं लांबून बघणं, जवळ जाणं, हात लावणं, भरलेल्या ट्रॉलीशेजारी वडिलांसोबत उभं राहणं, बसमधून रात्री त्या रस्त्यानं जाणं. प्रत्येक पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं, मध्येच पळायचं नाही. काही पायऱ्या दोनदोनदा कराव्या लागल्या. वडिलांनी यात जी साथ दिली ती मी विसरणार नाही, दारात उभा राहणारा हाच माणूस पुढं ट्रॉलीजवळ पोराशेजारी बिडी न ओढता तासभर उभा राहिला.

मध्ये गावातल्या मंडळानं ठरवलं की ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम करू आणि पुढं यालाच करू, पेपरात फोटो येईल. तो नको म्हणाला. लोकांना राग आला. मला त्याचं नको म्हणणं आवडलं, मोहीम चांगलीच आहे, पण सतरा वर्षांच्या पोरानं आपल्या दुःखाचा बॅनर धरून उभं राहायला पाहिजे असं कुठं लिहिलंय? रिफ्लेक्टर मंडळानं लावले, हा त्या दिवशी कॉलेजला गेला.

मित्राच्या घरी पहिली भेट फसली. मे महिन्यात, वडिलांना घेऊन गेला, मित्राचे वडील बाहेर आले, म्हणाले ‘आता कशाला आलास’ आणि आत गेले. तो आठवडाभर परत मागं गेला. पण तेव्हा त्याला काठी सुटली होती आणि दोष कुठं किती हे कागदावर होतं, त्यामुळं पडला तरी पहिल्याएवढा खाली नाही. दुसऱ्यांदा मित्राच्या आईनंच बोलावलं, तिला मित्राची एक वही सापडली होती, अकाउंट्सची, त्यात याचं अक्षर होतं, ती विचारत होती हे तुझं काय? त्यानंतर तो तिथं अधूनमधून जातो, मित्राच्या धाकट्या बहिणीला गणित शिकवतो, ती आठवीत आहे. मित्राचे वडील अजून बोलत नाहीत, तो घरात असला की ते शेताकडं जातात. त्यांनी बोलावं म्हणून मी कुणाला मध्ये घातलेलं नाही, त्यांचंही दुःख त्यांच्या चालीनं जाईल.

अभ्यासाचं सांगायचं तर कर्नाटकात त्या वर्षी पीयू बोर्डाच्या तीन परीक्षा होत्या हे याच्या पथ्यावर पडलं. मार्चची परीक्षा-1 पायामुळं आणि डोक्यामुळं शक्यच नव्हती, हजेरीचा प्रश्न मेडिकल सर्टिफिकेट देऊन कॉलेजनं सोडवला. परीक्षा-2 ला त्यानं भाषा आणि जे जमतील ते विषय दिले, अकाउंटन्सी आणि स्टॅटिस्टिक्स परीक्षा-3 ला. टक्के आधीच्यापेक्षा कमी पडले, पण वर्ष वाचलं. घरच्यांना ड्रॉप घेऊ दे असं वाटत होतं, मी मात्र घाई केली, कारण ड्रॉप म्हणजे वर्षभर घरात बसून रस्त्याकडं बघणं.

आता तो बीकॉमला आहे, बसनं येतो. बाइकला अजून हात लावलेला नाही, लायसनचं वय झालंय, वडील एकदा म्हणाले काढून ठेव, तो बघू म्हणाला. कबड्डी खेळत नाही पण टीमच्या प्रॅक्टिसला जाऊन बसतो. माझ्याकडं येणं कमी केलंय, वर्षश्राद्धाच्या आधी मात्र स्वतःहून आला. झोप बहुतेक बरी, पहिलं धुकं पडलं की चार-पाच रात्री खराब जातात, ते त्याला आता ठाऊक आहे आणि त्या दिवसांत तो चुलत भावाला आपल्या खोलीत झोपायला बोलावतो. केसची तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्याची साक्ष तेव्हाच होईल असं वकील म्हणतोय.